पायातला मासा

मानवी शरीरातल्या एकाही पेशीला एकटं राहून जगता येत नाही. तिच्या अगदी जवळ, केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर, रक्ताला येऊन पोहोचावंच लागतं. म्हणजे एकटेपणा मुळात निसर्गालाच मान्य नाही.

हे वाक्य माझं नाही. माझ्या डॉक्टरांनी ते व्यासपीठावरून म्हटलं आणि म्हणताना उजवा हात माझ्या दिशेने केला. टाळ्या पडल्या. मी सावेडीत दोन खोल्यांत कित्येक वर्षं एकटा राहतो आहे आणि निसर्गाने अजून हरकत घेतलेली नाही. शिवाय त्या क्षणी मी अनवाणी उभा होतो. भरलेल्या सभागृहात एका बाईखेरीज ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पण ते नंतरचं. सुरुवात एका खड्यापासून झाली.

मे महिन्यात तो माझ्या चपलेत शिरला असावा. असावा म्हणतो, कारण मला कळलं नाही. शुगर माझ्याकडे फार वर्षांपासून आहे. आधी पायांना मुंग्या यायच्या, नंतर मुंग्या यायच्या थांबल्या, तेव्हा मला वाटलं की बरं झालं. त्या दिवशी मी भाजी आणली, बँकेत जाऊन आलो, येताना उसाचा रस प्यायलो (तो प्यायला नको होता), आणि घरी आल्यावर चपलेत तपकिरी डाग दिसला तो नळाखाली धुऊन टाकला. पुढे काही दिवसांनी खोलीत वास येऊ लागला. मी फ्रिज साफ केला. फ्रिज साफ करूनही वास राहिला, तेव्हा पलंगावर बसून पाय उलटा करायचा प्रयत्न केला. साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःचा तळपाय दिसत नाही. तो दुसऱ्यानेच बघायचा असतो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच होता.

"घरी तळपाय कोण बघतं?"

"कोणाचा?"

"तुमचा, सर."

"कोणी नाही."

"मिसेस?"

"लग्न केलं नाही."

त्यांनी थोडा वेळ पेन फिरवलं. "मग आरसा घ्या. जमिनीवर ठेवायचा, पाय वर धरायचा, रोज सकाळी बघायचं." दाढीचा आरसा चालेल का, असं मी विचारलं. चालेल म्हणाले. त्या दिवसापासून मी दाढी अंदाजाने करतो.

डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि त्यांना बोलायला आवडायचं. पेन्सिलीएवढं एक यंत्र त्यांनी माझ्या घोट्यापाशी धरलं. त्यातून खुर्रखुर्र आवाज आला, जुन्या रेडिओवर स्टेशन लागत नसताना यायचा तसा. "हे तुमचं रक्त. मोठी वाहिनी चालू आहे, ही चांगली बातमी. बंद असती तर माझ्या हातात काही नव्हतं." मग त्यांनी चवड्यावरच्या जखमेकडे बोट दाखवलं. करंगळीच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याहून मोठी, कडा पांढऱ्या, तळ करडा. "इथे मात्र बारीक वाहिन्या मेल्या आहेत. रक्त येत नाही, म्हणून मांस भरत नाही. भरलं नाही तर करंगळी काढावी लागेल. तिथे थांबलं तर ठीक. नाही तर पुढचा चवडा."

मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आयुष्यभर सत्कार, उद्घाटनं आणि अमृतमहोत्सव यांच्या बातम्यांतली विशेषणं कापत बसलो. त्यामुळे विशेषणांशिवाय बोललेलं वाक्य आलं की मला ते लगेच ओळखू येतं. हे तसं होतं.

उपाय म्हणून त्यांनी एक चादर सुचवली. पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी, पांढरी, हातात घेतली तर वाळलेल्या पावासारखी. कोलॅजनची, म्हणजे कातडीला जो पदार्थ घट्ट धरून ठेवतो त्याची. आत सगळी भोकंच भोकं. जखम आधी खरवडून स्वच्छ करायची, त्यावर ही बसवायची, वरून पातळ पडदा. मग शरीरातल्या पेशी त्या भोकांत चढतात, त्यांच्यामागून रक्ताच्या बारीक वाहिन्या फुटवे फुटावेत तशा आत येतात. सगळं वसलं की चादर विरघळून जाते. भाडेकरू राहायला आले की घरच नाहीसं व्हावं, अशी ही वास्तू.

"म्हणजे शरीराला फसवायचं?" मी विचारलं.

"फसवायचं नाही सर. आमंत्रण द्यायचं."

मग त्यांनी घसा साफ केला. "ही माशाच्या कातडीपासून केलेली आहे. मासा चालेल ना? तशा इतरही प्राण्यांच्या येतात, पण…" त्या 'पण'वर थांबून त्यांनी छताकडे पाहिलं. मीही पाहिलं. छताला पंखा होता. मासा चालेल म्हणालो.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण. अकोले तालुक्यात, धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव आहे. तिने विचारलं आणि मी सांगितलं.

"मासा?"

"हो."

"आपल्या घरात गळ्यात माळ हाय, आन तू पायात मासा घातला?"

"पायातच घातलाय अक्का. पोटात नाही."

"कोनता मासा?"

"ते विचारलं नाही."

"इचारायचं ना. आमच्या धरनातला आसंल तर चांगला. लई लोकं नेत्यात." तिने जन्मात मासा खाल्लेला नाही, पण धरण तिचं आहे. "मी आले आसते रं. पन आवनी चालू हाय, बाया मिळंनात."

"नको येऊस."

"न्हाईच येत. आवनी झाली की येते."

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. ते पावसाच्या हिशेबाने चालतं, माझ्या पायाच्या नाही. फोन ठेवल्यावर मी टीव्ही लावला आणि आवाज बंद केला. मला हलती माणसं पुरतात.

चादर बसली. मला एक बूट मिळाला. त्याला जाड टाच होती आणि पुढचा भाग हवेत, जणू कारागीर अर्धा बूट करून जेवायला गेला. भार फक्त टाचेवर पडावा, चवडा कशालाही टेकू नये, असा त्यामागचा विचार. मंगळवारी आणि शुक्रवारी ड्रेसिंग. ते करायची एक सिस्टर, पाथर्डी तालुक्यातली. तिचे आई-वडील दरवर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जायचे आणि ती वसतिगृहात राहायची. दिवाळीला सगळ्या मुली घरी गेल्या की तिचं घर उसाच्या फडात असायचं, म्हणून ती वसतिगृहातच थांबायची, असं तिने एकदा पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. मग लगेच म्हणाली, "तवा मस्त वाटायचं. आख्खी खोली आपली." मी मान हलवली. आम्ही दोघेही त्या विषयात जाणकार होतो.

"काका, पाय ढिला सोडा. मासा हाय आत, पळून जाईल."

"पळाला तर कुठे जाईल? नगरमध्ये पाणी कुठे आहे?"

"तेबी खरंय. आता नीट ऐका. चवड्यावर येक पाऊल बी न्हाई. आंघोळ बसून. बूट काढून फिरायचं न्हाई. देवाला जायचं न्हाई."

"मी देवाला जात नाही."

"मग तर काळजीच मिटली."

आठवड्यातून दोनदा कोणी तरी माझा पाय हातात घेऊन लक्षपूर्वक बघत होतं. त्याआधी मला नियमितपणे हात लावणारा माणूस म्हणजे न्हावी, आणि तोही मानेच्या वर. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी नखं बघायचो, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचो. ड्रेसिंगला शर्टाशी काही देणंघेणं नसतं हे मला माहीत होतं. रिक्षावाल्यालाही माहीत असावं, कारण एकदा त्याने विचारलं, "काका, दवाखान्यातच जायचं ना?"

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरने पट्टी सोडली आणि म्हणाली, "आला."

"कोण?"

"गुलाबी."

तिने मोबाईलवर फोटो काढून मला दाखवला. पांढरट चादरीच्या मधोमध गुलाबी रंग चढला होता, आणि त्यात लालसर ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे वर आलेली एक बारीक वाहिनी, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तो फोटो माझ्या मोबाईलवर मागून घेतला. घरी जाऊन दोन-तीनदा पाहिला. कोणाला पाठवावा, याचा विचार केला. अक्काच्या फोनवर फोटो येत नाहीत. बाकीच्यांना आधी जखमेचं सांगावं लागलं असतं, आणि त्याआधी इतक्या दिवसांत फोन का केला नाही ते. फोटो राहिला. चादरीच्या एका कडेला, करंगळीकडे, रंग अजून फिका होता. "तिकडं येतोय हळूहळू," सिस्टर म्हणाली, "तिकडचा रस्ता लांबचा."

याच सुमारास दवाखान्याच्या नव्या विभागाच्या उद्घाटनाचं निघालं. मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी वेगळा विभाग. त्यात या उपचाराचा पहिला रुग्ण म्हणून माझा सत्कार.

"अजून भरली नाही जखम," मी म्हणालो.

"झाल्यातच जमा आहे सर. आणि पाहुण्यांची तारीख मिळालीय."

नगरमध्ये मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळणं ही मेलेल्या जागी रक्तवाहिनीचा फुटवा येण्यापेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे, त्यामुळे मला युक्तिवाद सुचला नाही. मी डेस्कवर होतो तेव्हा माझा एक नियम होता: रुग्ण पायाने चालत घरी जाईपर्यंत 'यशस्वी' हा शब्द छापायचा नाही. तो नियम मला त्या वेळी आठवला. तरी मी गेलो. ते गाडी पाठवणार होते. मला कोणी कुठे बोलावलं त्याला बराच काळ लोटला होता. आदल्या दिवशी मी न्हाव्याकडे जाऊन आलो आणि आरसा जमिनीवरून उचलून नीट दाढी केली.

व्यासपीठावर मोठा फलक होता. त्यावर जिल्ह्याचं नवं नाव, खाली 'यशस्वी', त्याखाली पाहुण्यांचा फोटो आणि पाहुण्यांच्या कोटाच्या खिशाशी कुठे तरी मी. समई उंच होती, पुरुषभर. पाहुणे पुढे झाले आणि त्यांनी बूट काढायला घेतले. नाडीचे होते, वेळ लागला. कोणी तरी खाली बसून मदत केली. डॉक्टरांनी आपले चटकन काढले. सूत्रसंचालक बाईंनी सँडल आधीच काढून ठेवल्या होत्या. आणि मी खाली वाकून माझ्या बुटाचा पट्टा ओढला.

मी समईला मानत नाही. पण मानणं हा डोक्याचा भाग झाला, आणि वात लावताना चप्पल काढणं हा पायांचा. कोणी मला सांगितलं नाही. कोणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. समोर सगळे अनवाणी झाले आणि माझा हात आपोआप गेला, जांभईसारखा.

पंखा चालू होता, वात विझली. पुन्हा लावली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, परत एकदा. पेशंट सरांनी थोडं पुढे वाकायचं, चेहरा येत नाही." मी चवड्यांवर उंच होऊन वाकलो. चेहरा आला. मग मानपत्र. मानपत्र वाचून होईपर्यंत सत्कारमूर्तीने उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो आणि सवयीने मनातल्या मनात विशेषणं कापत गेलो. शेवटी माझं नाव आणि 'मधुमेह' एवढंच उरलं. तोवर बूट समईमागे टेबलाखाली सरकला होता. मग डॉक्टर बोलायला उठले, त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि पेशीच्या एकटेपणाचं ते वाक्य म्हटलं.

सभागृहाच्या मागच्या दारात सिस्टर उभी होती. ती दोन्ही हातांनी खाली, जमिनीकडे काही तरी दाखवत होती. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, अभिनंदन करतेय. मी तिला हात जोडून नमस्कार केला.

मला काहीच दुखलं नाही. दुखलं असतं तर मी मुळात दवाखान्यात गेलोच नसतो.

शुक्रवारी तिने पट्टी सोडली. चादरीची करंगळीकडची बाजू उचलली गेली होती आणि तिच्याखाली रक्त साकळून काळं झालं होतं.

"सिस्टर, बोला काही तरी."

"काय बोलू काका? मी हात करून करून दमले, आन तुमी मला नमस्कार घालताय."

"मला वाटलं…"

"देवाला जात न्हाई म्हनले हुते ना तुमी?"

तिने डॉक्टरांना बोलावलं. ते आले, बघितलं, आणि खुर्ची न घेता सरळ जमिनीवर बसले. नव्या वाहिन्या कोळ्याच्या जाळ्याएवढ्या नाजूक असतात, भार पडून चादर सरकली की तुटतात, असं त्यांनी सांगितलं. आवाज व्यासपीठावरचा नव्हता. बराच वेळ ते स्वतःच जखम साफ करत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "मी तुमच्या शेजारीच होतो, सर."

"तुम्ही भाषण करत होता."

"हो."



मधला भाग टिकला. तिथे रक्त पक्कं पोहोचलं होतं, ते परत गेलं नाही. करंगळीकडे मात्र पू झाला, आणि पुढच्या आठवड्यात करंगळी काढली. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. मी अक्काचं नाव सांगितलं. ती शेतात होती, फोन लागला नाही. शेवटी माझी मीच केली. नातं या रकान्यात काय लिहायचं, असं कारकुनाने विचारलं. "स्वतः," मी म्हणालो. त्याने लिहिलं. कापलेल्या जागेवर आणि चवड्यावर पुन्हा माशाची चादर लावली. या वेळी कोणाला बोलावलं नाही, आणि ती बसली. गुलाबी झाली, लाल झाली. मग मांडीची पातळ कातडी काढून वर लावली आणि तीही धरली. चवडा राहिला.

आवणी संपल्यावर अक्का आली. एसटीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात नव्या कोऱ्या पिशवीत जुना तांदूळ होता आणि दुसऱ्या हातात छत्री. पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "दाव." चष्मा लावून तिने पाय मांडीवर घेतला, उलटा केला, अंगठ्याने कडा चाचपल्या.

"येवढंच व्हय? मला वाटलं समदा गेला."

"करंगळी गेली अक्का."

"दिसतंय मला. आंधळी न्हाई." मग मी समारंभाचं सगळं सांगितलं, तेव्हा पाय तसाच धरून: "समईम्होरं चप्पल काढाया तू कवापासनं लागला रं? देवळात आमी आत जातो तवा तू भाईर पेपर वाचीत बसतो. माझ्या घरी आला की सपाता घालून सैपाकघरात घुसतो, तवा न्हाई सुचत."

"समोर सगळ्यांनी काढल्या."

"सगळ्यांच्या पायात मासा हुता का?"

ती चार दिवस राहिली. सकाळी आरसा उचलून कपाटावर ठेवायची आणि स्वतः बघायची. त्या चार दिवसांत टीव्हीचा आवाज चालू होता, आणि मला तो फार मोठा वाटला. पाचव्या दिवशी तिला अकोल्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, "येकटा ऱ्हातो त्याचं काय न्हाई. पन पाय बघत जा." गाडी हलली. मी परत आलो आणि आरसा खाली ठेवला.

शेवटच्या ड्रेसिंगला सिस्टर म्हणाली, "झालं काका. आता यायचं न्हाई. तीन महिन्यांनी दाखवायला या फक्त."

"तोवर?"

"तोवर काय? मजा करा."

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, आणि मग परत कपाटात लावला. मंगळवारी सकाळी खाली रिक्षा वाजली. रिक्षावाल्याला सांगायचं राहून गेलं होतं.

दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर सत्काराचा फोटो लावला आहे. दाखवायला गेलो तेव्हा पाहिला. पाहुणे, डॉक्टर, समई आणि वाकलेला मी. 'पाय वाचला', असं खाली लिहिलं आहे आणि ते खरंच आहे. फोटो गुडघ्यापर्यंतच घेतला आहे. चेहरा चांगला आला आहे. दाढीही नीट झाली होती.

डॉक्टरांचं ते वाक्य अधूनमधून आठवतं. सकाळी आरशात बघताना तळव्यावरची कातडी दिसते: मांडीची कातडी, तिच्याखाली विरघळून गेलेला कुठला तरी मासा, आणि त्याच्या भोकांतून आमंत्रणावरून आलेलं रक्त. ज्या कोपऱ्यात काहीच पोहोचत नव्हतं तिथे आता सगळं पोहोचतं. तसं बघितलं तर शरीराने त्याची बाजू सांभाळली. एक बोट गेलं, म्हणजे काही तरी बदललं असणारच, असं मला वाटत होतं. म्हणून जखम पक्की झाल्यावर मी बाजारात चपला घ्यायला गेलो आणि दुकानदाराला पाय दाखवून विचारलं, आता माप कोणतं लागेल.

त्याने माप घेतलं. पूर्वीसारखाच आठ नंबर.